म्हातारा पहिल्यात अडकला

घरात म्हातारे दोन. एक आप्पा, दुसरा आप्पांचा ट्रॅक्टर. दोघांत जास्त हट्टी कोण, यावर सासूबाईंनी चाळीस वर्षं निकाल राखून ठेवला होता. काल दुपारी तो ट्रॅक्टरच्या बाजूने लागला.

आप्पा त्याला शेडमधून मागे काढत होते. मागची दोन मोठी चाकं अंगणात आली, तोंड अजून आत होतं. जरा सरळ करून घ्यावा म्हणून आप्पांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. ट्रॅक्टर वीतभर पुढे सरकला, त्याच्या पोटातून ‘कड्’ असा आवाज आला आणि इंजिन धाप लागल्यासारखं बंद पडलं. तेव्हापासून म्हातारा शेडच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा होता. क्लच दाबून इंजिन सुरू केलं की गोड चालायचं; क्लच सोडला की पुन्हा गप्प. गिअरचा दांडा पहिल्यात असा रुतला होता की जणू तिथेच ओतून घडवलाय. आप्पांनी तो ओढला, ढकलला, गोंजारला, शेवटी त्याला चार शिव्या घातल्या. आप्पांचा खांदा सुजला. दांडा होता तिथेच.

संध्याकाळी त्यांनी बाजाराच्या गावच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आतलं बेअरिंग फुटलं असणार, आप्पा. मधोमध उघडावा लागेल. उद्या चारला इंजिन उचलायला चेनकप्पी घेऊन येतो.”

मधोमध उघडणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. अशा जुन्या ट्रॅक्टरला गाडीसारखा वेगळा सांगाडा नसतो. पुढे इंजिन, त्याच्या मागे क्लचचं लोखंडी घर, त्याच्या मागे गिअरबॉक्स, सगळे एकमेकांना बोल्टने जोडलेले. तोच त्याचा कणा. तो उघडायचा तर पाव तोडावा तसे दोन भाग करावे लागतात. बाकीच्या ट्रॅक्टरांना ते सोसतं. आप्पांच्या ट्रॅक्टरला मात्र क्लचच्या घरावर हातभर लांब भेग होती, पितळ वितळवून शिवलेली, पंचवीस वर्षांपूर्वीची. जोडलेला होता तोवर ती शिवण त्याचं वजन धरून होती. एकदा वेगळा केला की ती उकलणार, आणि तसं दुसरं घर आता जगात कुणी बनवत नव्हतं.

“शिवणीची खात्री मी देत नाही,” मिस्त्रीही म्हणाला होता. त्यावर आप्पा ‘हं’ म्हणाले, फोन ठेवला, आणि जेवताना मीठ मागायलासुद्धा तोंड उघडलं नाही.

हे सगळं सुनेने ऐकलं ते एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात लेकीचं नाक पुसायचं फडकं धरून. माहेरी तिला बारकी म्हणायचे, तीन बहिणींतली शेवटची म्हणून. सासरी येऊन ती घरात सगळ्यांत उंच ठरली, तरी नाव काही वाढलं नाही. बारकीच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि दहाव्या वर्षापासून ती तिथेच वाढली होती. इतर मुली बाहुल्यांना न्हाऊ घालत तेव्हा ती बेअरिंगांना घासलेटाने न्हाऊ घालायची. लग्नात लेकीबरोबर काय पाठवायचं यावर घरात खल चालला होता, तेव्हा वडिलांनी पान्यांची पेटी तिच्यापुढे ठेवली आणि विषय संपवला. ती पेटी गेले नऊ महिने पलंगाखाली होती. वर दुपट्यांचा ढीग.

सकाळी आप्पा शेडपाशी उभे होते, ट्रॅक्टरकडे बघत. बारकी लेकीला कडेवर घेऊन शेजारी जाऊन उभी राहिली.

“आप्पा, मिस्त्री यायच्या आधी मी एकदा बघू?”

“बघ की. बघायला कोण नको म्हणतंय?”

“डोळ्यांनी नाही. पान्यानं.”

आप्पांनी मान वळवली. “आजवर त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही, सूनबाई.”

“म्हणूनच तो एवढा लाडावलाय.”

“आणि बिघडवलास तर?”

“चार वाजता त्याचे दोन तुकडे होणार आहेत. त्याहून जास्त मी काय बिघडवणार?”

 आप्पांनी नातीकडे हात पसरले. “आण इकडे माझ्या गुंडीला,” असं म्हणाले, आणि बारकीने त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेतला.

गुंडी म्हणजे नऊ महिन्यांची, बटणासारख्या डोळ्यांची, आणि रांगत जाऊन हाताला लागेल ते गायब करण्यात वाकबगार. चमचा बुटात सापडायचा, किल्ली पिठाच्या डब्यात. अकरा दिवसांपूर्वी सासूबाईंची विणायची एक सुई नाहीशी झाली तेव्हा कुणी चौकशीसुद्धा केली नाही. आरोपी ठरलेलाच होता. सासूबाई तिच्याचसाठी स्वेटर विणत होत्या. एक बाही पुरी झाली होती, दुसरी अर्ध्यावर होती, आणि हरवलेल्या सुईच्या जागी त्या पेन्सिल वापरत होत्या.

“ज्याच्यासाठी विणावं त्यानंच सुई पळवावी!” त्या रोज एकदा म्हणायच्या. “तशी त्या सुईला खाच पडली होती म्हणा, टाका अडकायचा. पण पेन्सिलीपेक्षा बरी होती.”

अकराला गुंडी झोपली. ती झोपली की पाऊण तास मिळायचा, नशीब जोरावर असेल तर सव्वा. बारकी आता सगळी कामं याच मापाने मोजायची: स्वयंपाक एका झोपेचा, धुणं अर्ध्या झोपेचं. गिअरबॉक्सचं झाकण तिच्या हिशेबात एका झोपेचं काम होतं. तिने खिडकी उघडी ठेवली, दुपटी बाजूला सारली, पेटी ओढून काढली.

“उठली तर मी बघते,” सासूबाई म्हणाल्या. “तू तुझ्या त्या दुसऱ्या बाळाकडे जा. ते जास्त रडवतंय घराला.”

बारकीचा अंदाज पक्का होता. “आप्पा, दोन गिअर एकदम पडलेत. दांड्याचं खालचं टोक झिजलं की ते एका फोर्कमधून, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या चिमट्यातून, निसटून मधेच जातं. रिव्हर्स सुटायच्या आत पहिला पडतो. दोन माणसं एकाच दारातून एकदम बाहेर पडायला गेली की कशी चेपतात? तसं. वरचं झाकण काढायचं, पहारीच्या टोकानं फोर्क जागेवर ढकलायचे, झाकण लावायचं. संपलं. उघडायबिघडायची गरज नाही.”

“मिस्त्री तीस वर्षं हेच काम करतोय.”

“माझे बाबा चाळीस वर्षं करतायत. ते म्हणतात, पोट फाडण्याआधी जीभ बघावी.”

आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, आणि ते मनापासून लावले.

झाकणाला सहा बोल्ट होते. पाच सरळ आले. सहाव्याने नाकी नऊ आणले. त्याचं डोकं घासून गोल झालं होतं. बारकीने त्यावर तेल सोडलं, हातोडीने टकटक केलं, थांबली, पुन्हा टकटक केलं. बोल्टाशी भांडायचं नसतं, त्याला कंटाळा आणायचा असतो. तिचा एक कान पान्याला होता, एक खिडकीला. शेवटी बोल्टाने ‘किर्र’ करून हार मानली. आप्पांनी झाकण दांड्यासकट उचललं आणि लहान मूल ठेवावं तसं गोणपाटावर ठेवलं.

बारकी सीटवरून पुढे वाकली. टॉर्चच्या उजेडात आत काळंभोर तेल, त्यावर डोकं काढून दोन फोर्क. तिने पहारीचं टोक रिव्हर्सच्या फोर्कला लावलं. तो लोण्यातून सुरी जावी तसा मागेपुढे सरकला. मोकळा होता. अगदी न्यूट्रलला, जिथे असायला हवा तिथेच. दुसरा, पहिल्याचा, गिअरवर चढलेला आणि खडकासारखा घट्ट.

तिने दांड्याचं टोक तपासलं. झिजलेलं नव्हतं. आप्पांनी ट्रॅक्टर पोरापेक्षा निगुतीने सांभाळला होता.

“काय?” आप्पांनी विचारलं.

“मी चुकले. एकच गिअर पडलाय, आणि बरोबर पडलाय.”

“म्हणजे मिस्त्रीचं खरं.”

“म्हणजे माझं चुकलं, एवढंच. मिस्त्रीचं खरं असं कुठं ठरलं?” तिने बोट तेलात बुडवलं आणि दोन बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं. उन्हात धरून पाहिलं. “बेअरिंग फुटलं असतं तर तेलात चंदेरी चुरा आला असता. एक कण नाही. आणि फुटायच्या आधी ते महिनाभर रडतं. हा रडत होता का?”

“कधीच नाही,” आप्पा म्हणाले. आपल्या मुलाच्या वागणुकीबद्दल शाळेत विचारल्यावर बाप म्हणतो, तसं.

“मग आत काहीतरी अडकलंय. दातांत. बाहेरचं काहीतरी.”

“बाहेरचं आत जाईल कुठून? झाकण आज पहिल्यांदा निघालंय. वर तेल भरायचं भोक आहे, त्याला घट्ट बूच.”

तेवढ्यात खिडकीतून गुंडीचा आवाज आला. आधी कुरकुर, मग साफ फर्मान. घड्याळात पावणेबारा. नशीब जोरावर नव्हतं.

बारकीने हात साबणाने तीन वेळा धुतले, नखंसुद्धा घासली, आणि लेकीला उराशी घेतलं. तिचं सगळं डोकं ट्रॅक्टरच्या पोटात होतं. चारला अजून चार तास. पण आत काय आहे हे कळल्याशिवाय ते काढणार कसं, आणि मिस्त्रीला ‘आत काहीतरी आहे’ एवढ्यावर कोण थांबवणार? तो चेनकप्पी लावणारच. गुंडीने तिचा कान धरला आणि ओढला, म्हणजे ‘इकडे बघ’.

“बघते गं, बाई. तुझंच बघते.”

लेकीला मऊ केलेला बटाटा भरवून होतो न होतो तोच सासूबाई ती पुरी झालेली बाही घेऊन आल्या. “जरा हात सरळ धर तिचा. लांबी बघू दे. पोरं अकरा दिवसांत वाढतात.”

बारकीने गुंडीचा मुठी वळलेला हात धरला. सासूबाईंनी त्यावर बाही चढवली. गुंडीने लगेच ती तोंडात घालायला घेतली. बारकी ती सोडवायला खाली वाकली, आणि तिच्या नाकाला एक वास आला.

आधी वाटलं, आपलेच हात. तिने हात हुंगले. साबण. पुन्हा बाही हुंगली. लोकरीचा उबदार वास, आणि त्याच्या आड, अगदी पुसट, कुजक्या अंड्याचा आणि जळक्या रबराचा मिळून होतो तसला. हा वास तिने डोळे बांधून ओळखला असता. लहानपणी गॅरेजात बहिणींबरोबर तोच खेळ असायचा. इंजिनच्या तेलाला हा वास नसतो. ब्रेकच्या तेलाला नसतो. हा फक्त गिअरच्या तेलाला असतो.

“आई, या लोकरीला कसला वास येतो?”

“येतोय ना तुलाही?” सासूबाई खूश झाल्या. “मी किती वर्षं सांगते! माझ्या विणकामाला कसलातरी वास येतो. हे म्हणतात, तुझं नाकच तिखट. दुकानदाराशी दोनदा भांडून आले मी, लोकर शिळी देता म्हणून.”

“आणि त्या हरवलेल्या सुईला खाच होती म्हणालात. कुठे होती?”

“ही एवढी वर. टोकापासून वीतभर. कुणीतरी कानशीनं घासल्यासारखी. का गं?”

बारकी उठली. लेकीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि शेडकडे निघाली. सासूबाईही नातीला घेऊन मागोमाग आल्या. त्यांचं नाक तिखट होतंच, कानही काही कमी नव्हते.

आप्पा उघड्या गिअरबॉक्सवर फडकं झाकत होते, धूळ जाऊ नये म्हणून.

“आप्पा,” बारकी म्हणाली, “गिअरबॉक्सचं तेल कशानं मोजता?”

“कशानं म्हणजे? पट्टीनं.”

“पट्टी कुठं आहे?”

आप्पांनी फडक्याचा एक कोपरा सरळ केला. मग दुसरा केला. “ती... मोडली.”

“कधी?”

“झाली बारा-पंधरा वर्षं.”

“आणि मग?”

 आप्पांची नजर आधी बायकोकडे गेली, तिथून चटकन जमिनीकडे, आणि गेल्या पंधरा वर्षांचा सगळा जबाब तेवढ्यात नोंदला गेला.

“अहो!” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या सुईनं?”

“अगं, लांबी अगदी नेमकी होती. मी एक बारीक खूण केली होती फक्त. दर वेळी पुसून जागेवर ठेवायचो.”

“पुसून! वर्षानुवर्षं मी गिअरच्या तेलात स्वेटर विणले आणि हे म्हणतात पुसून! दुकानदाराला मी काय काय बोलले!”

“आई, एक मिनिट,” बारकी म्हणाली. हसू दाबताना तिचा आवाज कापला. “आप्पा, शेवटचं तेल कधी बघितलंत? नीट आठवा. सुई आत घातली. मग?”

आप्पांनी डोळे मिटले. हात हवेत उचलला, बोटांच्या चिमटीत नसलेली सुई धरून. “बूच काढलं. सुई आत सोडली. आणि तेवढ्यात घरातून गुंडी केवढ्यानं तरी रडली. पडलीबिडली की काय म्हणून मी तसाच धावलो. पलंगाच्या कडेशी डोकं आपटलं होतं तिचं, आठवतं? मग तिला घेऊन फिरलो, ती खांद्यावर झोपली...”

“आणि परत आल्यावर?”

“भोक उघडं दिसलं. बूच लावून टाकलं.” त्यांनी डोळे उघडले.  “सुई कुठं होती, ते मी बघितलंच नाही.”

“सरकून आत गेली. तळाशी पडून राहिली. अकरा दिवसांत दोनदा ट्रॅक्टर चालवलात, तरी काही झालं नाही. काल रिव्हर्सवरून पहिल्यात गेलात तेव्हा तेल उलटसुलट ढवळलं, ती वर आली आणि दातांनी तिला धरली.”

“काखेत कळसा,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आळ कुणावर, तर या लेकराच्या माथी!” त्यांनी गुंडीचा मुका घेतला, निर्दोष सुटल्यासारखा.

आता बारकीचे हात पुन्हा कामाला लागले. अंदाज एकदा चुकला होता, म्हणून या वेळी तिने आधी डोळ्यांनी खात्री करायची ठरवलं. खालचं बूच सोडून तिने तेल स्वच्छ बादलीत काढलं; ते मधासारखं, घाई नसल्यासारखं पडत राहिलं. मग आरशाचा एक तुकडा काठीला बांधून आत सोडला आणि टॉर्च मारला. आरशात मोठा गिअर, त्याच्याखाली छोटा, आणि दोघांच्या दातांत आडवी, वाकडी झालेली एक चकाकती रेघ.

“या, बघा,” ती म्हणाली.

आप्पा वाकले, बघितलं, आणि बराच वेळ सरळच झाले नाहीत. “ओढून काढू?”

“ओढली तर तुटेल आणि तुकडा आतच राहील. ती पुढे जाताना अडकलीय, तर गिअर मागे फिरवायला हवा. एका मागच्या चाकाला जॅक लावू. चाक उचललं की हातानं फिरतं, आणि त्याच्याबरोबर आतला गिअरही. दुसरं चाक जमिनीवर राहू दे, त्याचे ठोकळे काढू नका. तुम्ही वर बसा आणि क्लच दाबून धरा. सोडायचा नाही. गुंडी रडली तरी नाही.”

“अगं, पण...”

“गुंडी रडली तरी नाही, आप्पा.”

आप्पा मुकाट्याने सीटवर चढले.

जॅकखाली जाड फळी घातली. चाक जमिनीपासून चार बोटं सुटलं. बारकीने त्या तिच्या छातीएवढ्या चाकाच्या खोबणीत दोन्ही हात घातले, पाय रोवले आणि मागे जोर लावला. काही नाही. पुन्हा. अंगणाच्या कडेला चटईवर गुंडीला तिच्या आजीने मांडीत घट्ट धरलं होतं. तिने आईचा लाल झालेला चेहरा पाहिला आणि टाळ्या पिटल्या.

“घ्या, हिला खेळ वाटतोय,” सासूबाई म्हणाल्या. “लाव गं जोर! नऊ महिने हिला कडेवर वागवलंयस, हे चाक काय घेऊन बसलीस!”

तिसऱ्या वेळी चाक केसभर मागे आलं. मग बोटभर. आतून ‘टक्’ असा लहानसा आवाज आला, कुलपात किल्ली फिरावी तसा, आणि चाक एकदम सैल होऊन तिच्या हातात आलं.

“सुटला!” आप्पा वरून ओरडले. “पायाला कळलं मला! सुटला!”

“क्लच सोडू नका!”

लांब चोचीच्या पकडीने तिने सुई बाहेर काढली. दोन ठिकाणी वाकलेली, मधे चेपून पट्टीसारखी झालेली, तेलाने काळी. आप्पा हात पुढे करत होते, पण बारकीने ती दिली नाही.

“आई, तुमची दुसरी सुई द्या जरा.”

“तीसुद्धा? आता काय माझ्या पेन्सिलीवरही डोळा आहे का?”

“लांबी जुळवायचीय. आत काही राहिलं तर पुन्हा हेच होणार.”

अर्धी बाही पेन्सिलीवर घेऊन सासूबाईंनी सुई दिली. बारकीने दोन्ही शेजारी धरल्या, वाकडीला दोऱ्याने मापलं. लांबी पुरी होती. पण चांगल्या सुईच्या मागे एक पत्र्याची टोपी होती, वाटाण्याएवढी. वाकडीच्या मागे ती नव्हती.

अडीच वाजले होते. आप्पा म्हणाले, “वाटाण्याएवढी तर गोष्ट.” बारकी म्हणाली, “सुईसुद्धा सुईएवढीच होती.”  तिने जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि गिअरबॉक्सच्या तळाशी सोडलं. एक कोपरा. दुसरा. इंच इंच. मधे गुंडीला भूक लागली; चुंबकाची दोरी आप्पांच्या हातात देऊन बारकी अंगणातल्याच पायरीवर तिला पाजायला बसली आणि तिथूनच सांगत राहिली, “डावीकडे. खाली टेकवा. आता हळू ओढा.” पाजून होईपर्यंत आप्पांनी तळ धुंडाळून संपवला होता. चुंबकाला काही लागलं नव्हतं.

“बादली,” बारकी म्हणाली. “तेलाबरोबर आली असेल.”

बादलीतलं तेल जुन्या चादरीतून दुसऱ्या बादलीत गाळलं. नाहीतरी ते परत भरायच्या आधी गाळायचंच होतं. शेवटची धार पडली, आणि फडक्यावर एक चपटा, काळा वाटाणा राहिला. बारकीने तो पुसून सुईच्या मागे लावून बघितला. बसला.

त्यानंतरचं काम तिला जणू हातांनीच करून दाखवलं. गिअरचा दात न् दात बोटाने चाचपला. एकावर बारीक ओरखडा होता, तो धार लावायच्या दगडाने घासून मऊ केला. झाकणाखालचं जुनं पॅकिंग फाटलं होतं, तर गुंडीच्या खाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा त्या आकाराचा कापला आणि ग्रीस लावून बसवला. सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. तेल भरलं. जॅक उतरवला. सव्वातीन, साडेतीन, पावणेचार.

“चढा, आप्पा,” ती म्हणाली.

आप्पांनी दांड्याला हात लावला, मग काढून घेतला. “तूच बघ. तू बसवलायस.”

ती चढली. क्लच दाबून दांडा ओढला. पहिल्यातून न्यूट्रलला तो असा आला, जसा काल कधी रुसलाच नव्हता. इंजिन सुरू झालं. रिव्हर्स. ट्रॅक्टर शेडमधून अख्खाच्या अख्खा बाहेर आला. पहिला. दुसरा. बारकीने अंगणाला एक वळसा घातला आणि थेट फाटकातून गल्लीत शिरली. तिथे समोरून मिस्त्रीची गाडी येत होती, मागे चेनकप्पी खडखडत. दोघं नाकासमोर नाक लावून थांबली.

मिस्त्री खाली उतरला. आधी कान तिरपा करून ऐकत राहिला. मग म्हणाला, “वहिनी, जरा तिसरा टाका.” तिने टाकला. “आता रिव्हर्स.” तिने टाकला. मिस्त्रीने मान हलवली. “कुणी उघडला?”

“उघडला नाही. झाकण काढलं फक्त,” मागून धापा टाकत आलेले आप्पा म्हणाले. “आमच्या घरच्या मिस्त्रीनं.”

“बेअरिंग?”

आप्पांनी खिशातून वाकडी सुई काढून त्याच्या हातावर ठेवली. मिस्त्रीने ती उलटून बघितली, खाचेवर नख फिरवलं, हुंगली, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. तो एवढ्या मोठ्यांदा हसला की गाडीला टेकावं लागलं. हसून झाल्यावर त्याने गाडीतली पेटी उघडली, कुठल्यातरी जुन्या ट्रॅक्टरची तेल मोजायची पट्टी शोधून काढली आणि ती आप्पांना न देता बारकीला दिली. “याच्या भोकाप्रमाणे कापून घ्या, वहिनी. आणि तुमच्या वडलांच्या गॅरेजचा पत्ता द्या मला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी रिकाम्या हातानं खूश होऊन चाललोय.”

गाडी मागे घेऊन तो गेला. फाटकाशी सासूबाई गुंडीला घेऊन उभ्या होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “एक काम राहिलंय. अकरा दिवस हिला चोर म्हणालात.”

“मी एकटाच?”

“आम्हाला माहीत नव्हतं. सुई कुठं ठेवली ते तुम्हाला माहीत असायला हवं होतं.”

आप्पांनी इकडे तिकडे बघितलं. मग टोपी काढली, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्या बटणासारख्या डोळ्यांत बघून म्हणाले, “चूक झाली, बाईसाहेब. तुम्ही रडलात म्हणून धावलो, आणि आळ तुमच्यावरच घातला.” गुंडीने त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि तोंडात घातली.

बारकी इंजिन बंद करून खाली उतरायला लागली.

“उतरतेस कशाला?” आप्पा म्हणाले. त्यांनी सुजल्या खांद्यावर हात ठेवला होता, पण आवाजात दुखणं नव्हतं. “उद्या तुझ्या सासूसाठी नवीन सुया आणायला जायचंय. माझ्यानं आठवडाभर दांडा हलणार नाही. रिव्हर्सला हा जरा आखडतो, त्याला अंगठ्यानं आतून रेटायचं असतं. ये, मी दाखवतो. आत्ताच हात बसवून घे.”

बारकी पुन्हा सीटवर बसली. आप्पा चाकाशी उभे राहून सांगत राहिले आणि ती दांडा घालत राहिली, पहिला, रिव्हर्स, पहिला, तिथेच उभ्या उभ्या. फाटकाशी सासूबाई बाहीचं माप पुन्हा घ्यायला गुंडीची मूठ उघडत होत्या.